काचेची गाबोळी

नुकतंच धडधडायला लागलेलं हृदय मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं! दवाखान्यात नाही, टीव्हीवर नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये, घड्याळजी डोळ्याला लावतात तसल्या भिंगातून. बशीत पाणी, पाण्यात जेमतेम मिलिमीटरभराचं अंडं, अंड्यात वेटोळं करून बसलेलं काहीतरी, आणि त्या काहीतरीच्या डोक्याखाली एक इवलीशी हालचाल. थांबेचना. दीड दिवसापूर्वी त्याच अंड्यात ना डोकं होतं ना शेपूट. नुसता पिवळसर नितळ गोळा. आणि हा सगळा खेळ करून दाखवणारा मासा दुकानात दोन अमृततुल्य चहांच्या पैशांत मिळतो! आजवर मला हे कुणी सांगितलं कसं नाही?

त्या माशाचं नाव झेब्रा. पूर्ण नाव झेब्रा डॅनिओ, शास्त्रज्ञांचा डॅनिओ रेरिओ. तीन-चार सेंटिमीटर लांबी, डोक्यामागून शेपटीपर्यंत गेलेले गडद निळे पट्टे, मधून चंदेरी नाहीतर सोनेरी झाक, आणि एका जागी म्हणून न थांबणारा स्वभाव. दुकानात अरोवाना, डिस्कस, कपाळाला टेंगूळ आलेले ते फ्लॉवरहॉर्न, ही सगळी बडी मंडळी नजरेच्या उंचीवर. झेब्रे खाली, पायाशी. नव्या गिऱ्हाईकाला "हे घ्या, सहसा मरत नाहीत" म्हणून देतात. मलाही तसेच मिळाले. दिवाणखान्यात शोभा म्हणून टाकी आली, त्यात गर्दी म्हणून हे आले. बरेच दिवस मी त्यांच्याकडे धड पाहिलंही नव्हतं.

मग एकदा खाणं आणायला गेले असताना दुकानदार सहज बोलून गेला, "ताई, झेब्रे अंडी घालतात बरं का. पण पहाटे घालतात, आणि घातल्या घातल्या स्वतःच खाऊन टाकतात. तुम्हाला दिसायची नाहीत."

दिसायची नाहीत? म्हणजे माझ्या दिवाणखान्यात, माझ्या झोपेच्या वेळेत, हे सगळं परस्पर उरकतंय?

आता, मासे घरी वाढवणं म्हणजे बहुतेकांना गप्पी माहीत असतात. डास कमी व्हावेत म्हणून विहिरीत, डबक्यात सोडतात ते. गप्पीला काही करावं लागत नाही. एक दिवस बघावं तर टाकीत पिल्लं पळताहेत. डोळे, शेपूट, सगळं तयार. गप्पीची मादी अंडी पोटातच ठेवते आणि थेट पोहती पिल्लं बाहेर सोडते. छानच आहे, पण त्यात बघण्यासारखं जे काही आहे ते सगळं पोटात होऊन गेलेलं असतं. आपल्या वाट्याला फक्त बारसं. अंडी टाकणाऱ्या माशांचं उलटं. झेब्राच्या मादीच्या पोटातून अंडी निघतात, त्याच क्षणी नर पाण्यात बीज सोडतो, आणि तिथून पुढचं सगळं उघड्यावर, आपल्यासमोर, पारदर्शक कवचात! झेब्रा यात राजा आहे, कारण त्याच्या अंड्यात लपवाछपवी अशी नाहीच. कवच पारदर्शक, आतला जीवही पारदर्शक.

तयारी म्हणाल तर हास्यास्पद सोपी. दहा-बारा लिटरची एक रिकामी टाकी, त्यात वाळू नाही, खडे नाहीत, शोभेचा किल्ला तर नाहीच नाही. तळाला गोट्यांचे दोन थर. हो, खेळायच्या काचेच्या गोट्या! माळ्यावर मुलीच्या लहानपणीचा डबा पडला होता, तो कामी आला. झेब्राची अंडी कशाला चिकटत नाहीत, सुटी सुटी असतात, पाण्यापेक्षा जड असतात. ती सरळ खाली जातात आणि गोट्यांच्या फटींत घरंगळतात. आईबापांचं तोंड तिथवर पोहोचत नाही. प्रयोगशाळांत यासाठी जाळीचा तळ असलेले खास डबे वापरतात. तत्त्व तेच, अंडं खाली, तोंड वर. गोट्या नसतील तर भाजी निथळायची मोठ्या भोकांची प्लॅस्टिकची टोपलीही चालते, मासे टोपलीत आणि अंडी टोपलीखाली. आमच्या टोपलीवर मात्र सासूबाईंनी हक्क सांगितला, तेव्हा गोट्याच बऱ्या.

पाणी खडकवासल्याचं, म्हणजे मुळातच फारसं जड नाही. एक रात्र बादलीत उघडं ठेवून क्लोरीन जाऊ दिलेलं. त्यात थोडं जुन्या टाकीचं. तापमान २७-२८ अंश. पुण्याच्या थंडीत त्यासाठी छोटा हीटर लागतो, उन्हाळ्यात काहीच लागत नाही. पाण्याची खोली वीतभरापेक्षा जास्त नको, अंडं जितकं लवकर गोट्यांत पडेल तितकं बरं.

नर-मादी ओळखणं हा वेगळाच आनंद आहे. आधी सगळे झेब्रे सारखे दिसत होते. एकदा कळलं की इतकं ढळढळीत दिसतं की आधी दिसलं कसं नाही असं वाटतं. नर सडपातळ, पट्ट्यांच्या मधल्या भागावर पिवळट सोनेरी झाक. मादी रुपेरी आणि पोटाने गोल. वरून पाहिलं तर गोलाई आणखी कळते. माद्या आणि नर काही दिवस वेगळे ठेवायचे आणि दोघांनाही झकास खाऊ घालायचं. गोठवलेल्या ब्लडवर्मच्या लालभडक वड्या मिळतात, त्या आमच्या फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीशेजारी नांदतात. त्यावरून घरात जे संवाद झाले ते इथे देत नाही.

मग संध्याकाळी एक गुबगुबीत मादी आणि दोन नर नव्या टाकीत, मध्ये पारदर्शक प्लॅस्टिकचा पडदा, वरून चादर. रात्रभर मिट्ट काळोख. या माशाचं घड्याळ उजेडावर चालतं. प्रयोगशाळांत १४ तास उजेड आणि १० तास अंधार असं वेळापत्रक ठेवतात, आणि दिवे लागले की थोड्याच वेळात अंडी. घरी हे काम सूर्य फुकट करतो.

पहाटे चादर काढली, पडदा काढला, आणि पहिली दोन-तीन मिनिटं काहीच नाही. मग एक नर मादीच्या बाजूला आला. नाकाडाने तिच्या पोटाला एक ढुशी. ती पळाली. हा मागे. दुसरा त्याच्या मागे. टाकीभर अशी पळापळ की पाणी काचेवर उडायला लागलं. नर तिच्याभोवती घिरट्या घालतो, वाट अडवतो, पुन्हा ढुशी देतो. आणि मग एका क्षणी ती थांबते, तो तिच्या अंगाला अंग लावतो, आणि दोघं थरथरतात. सेकंदभरच. तेवढ्यात तिच्याखालून मूठभर चमचम सुटते आणि गोट्यांत नाहीशी होते!

मी ओरडले. घर उठलं. "काय झालं, काय झालं" करत सगळे आले तेव्हा माशांची पुढची फेरी चालू झाली होती. कारण हे एकदाच होत नाही, थोडी थोडी करत मादी अंडी सोडत राहते, एका सकाळी शंभर-दोनशे सहज. मध्येच एक नर गोट्यांत नाक खुपसून आपलीच अंडी शोधत होता, तो भाग सोडून द्या. पळापळ ओसरली की तिघांनाही उचलून मूळ टाकीत. बाळंतिणीला एक ब्लडवर्म जास्त.

गोट्या एकेक करून अलगद काढल्या. टॉर्च आडवा धरला. तळावर अंडीच अंडी!

मी मालवणी माणसांच्या घरात दिलेली. माशाची अंडी मला माहीत होती ती तव्यावरची. गाबोळी, रव्यात घोळलेली, कडेने कुरकुरीत. सासूबाईंनी टाकीत वाकून पाहिलं आणि निकाल दिला, "एवढ्याशा माशाची गाबोळी ती काय, दाताखालीपण यायची नाही." मग मी ड्रॉपरने पाच-सहा अंडी बशीत घेतली, बशीखाली वर्तमानपत्र सरकवलं, आणि त्यांच्या हातात भिंग दिलं. अंड्यातून खालच्या अक्षराची काळी रेघ दिसत होती. आरपार. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि ही आमच्या घरात दुर्मीळ गोष्ट आहे.

आता खरं सुरू होतं.

अंडं ताजं असताना त्यात पिवळट बलक आणि भोवती कवच, एवढंच दिसतं. मग बलकाच्या एका टोकाला नितळ पदार्थ गोळा होऊ लागतो आणि तिथे छोटासा उंचवटा येतो. ती पहिली पेशी. साधारण पाऊण तासाने त्या उंचवट्याच्या मधोमध एक रेघ पडते आणि एकाच्या दोन होतात. त्यानंतर दर पंधरा मिनिटांनी दुप्पट! दोनाच्या चार, चाराच्या आठ, सोळा. मुलीच्या शाळेच्या दिवसांतला खेळण्यातला मायक्रोस्कोप होता, त्याखाली हे चक्क दिसतं. भाजी चिरायला घ्यावी, मूठभर गवार मोडून परत यावं, तर दुप्पट झालेल्या. आणि गंमत अशी की एका सकाळची सगळी अंडी जवळजवळ एका तालात चालतात. या अंड्यात आठ तर शेजारच्यातही आठ. दहावीला जीवशास्त्राच्या वहीत पेशीविभाजनाची आकृती मी रंगीत पेन्सिलींनी काढली होती, त्याला चांगले गुणही पडले होते. पण ते घड्याळ लावून समोर घडतं, हे त्या वहीने कधी सांगितलं नाही.

दुपारपर्यंत पेशी मोजण्यापलीकडे जातात. मग आणखी एक विलक्षण गोष्ट. बलकाच्या डोक्यावर जमलेला तो पेशींचा ढीग पसरायला लागतो, आणि कानटोपी दोन्ही हातांनी ओढत हनुवटीपर्यंत आणावी तसा बलक वरून खाली झाकत जातो. पाच-सव्वापाच तासांत अर्धा गोळा झाकलेला, दहा तासांत पूर्ण. आणि या ओढाताणीतच पाठ कुठली, पोट कुठलं, डोकं कुठे येणार, हे ठरून जातं. संध्याकाळी पाहिलं तर एका बाजूला जाडसर पट्टी दिसायला लागलेली. रात्री झोपण्यापूर्वी पाहिलं तर त्या पट्टीवर कप्पे पडत होते, पुढून मागे, एकामागून एक. पुढे स्नायू आणि कण्याचे मणके व्हायचे ते याच कप्प्यांतून. त्या रात्री घरात शेवटचा दिवा कुणी बंद केला हे विचारू नका.

या माशाबद्दल वाचायला लागले आणि आणखीच येडी झाले. कारण हा परदेशी मासा नाहीच! आपलाच. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, संथ ओढे, भातखाचरं, पावसाळ्यात भरणारी उथळ डबकी, हे त्याचं घर. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाचा स्कॉटिश डॉक्टर कंपनी सरकारच्या नोकरीत इकडे आला होता. गंगेतल्या माशांवरचं त्याचं पुस्तक १८२२ साली एडिंबराहून निघालं, त्यात कोसी नदीतला हा मासा पहिल्यांदा नोंदवला गेला. रोहू आणि कटला यांची शास्त्रीय ओळखही त्याच पुस्तकातली. म्हणजे ज्या पुस्तकात बाजारातले वजनदार रोहू-कटला, त्याच पुस्तकात माझा तीन सेंटिमीटरचा झेब्रा!

पुढे तो जगभर घरोघरच्या टाक्यांत पोहोचला. आणि १९७०च्या दशकात अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत नेलं. मूळचे बुडापेस्टचे. आधी जिवाणूंना खाणाऱ्या विषाणूंवर काम केलेलं, आणि आता पाठीचा कणा असलेला, पण सोपा, भराभर वाढणारा प्राणी हवा होता. आज जगभर ज्या वाणावर काम होतं त्यातल्या एका प्रसिद्ध वाणाचे पूर्वज त्यांनी ओरेगॉनमधल्याच एका दुकानातून विकत आणले होते. माझ्यासारखेच! १९८१मध्ये 'नेचर'मध्ये त्यांचा शोधनिबंध आला आणि या माशाचं नशीब फिरलं. जर्मनीत क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड यांनी फळमाशीवरच्या कामासाठी १९९५चं नोबेल मिळवलं. त्याच सुमारास त्यांच्या गटाने आणि बोस्टनच्या गटाने हजारो झेब्रे वाढवून कुठल्या जनुकात बिघाड झाला की अंगाचा कुठला भाग बिघडतो, हे शोधायचा सपाटा लावला होता. १९९६च्या डिसेंबरमध्ये 'डेव्हलपमेंट' या नियतकालिकाचा अख्खा अंकच या माशावर निघाला. २०१३ साली त्याचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना झेब्रात जोडीदार सापडले.

आणि हृदय! झेब्राच्या हृदयाच्या खालच्या कप्प्याचा पाचवा हिस्सा कापून टाकला तरी दोनेक महिन्यांत तो पुन्हा वाढतो, हे २००२मध्ये दाखवलं गेलं. आपल्या हृदयाला झटका आला की तिथे नुसता व्रण राहतो. हा मासा नवीन स्नायू घडवतो. आपल्या पुण्यातच, आघारकर संशोधन संस्थेत, झेब्राच्या अशा दुरुस्तीकामावर संशोधन चालतं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हे मासे आहेत. आघारकरच्या रस्त्यावरून मी किती वेळा रिक्षाने गेले असेन. आत झेब्रे असतील असं कुणाच्या मनात येतं?

तर, दुसरी सकाळ. अंडी घातल्याला चोवीस तास. आत आता उघड उघड मासा होता. शेपूट बलकापासून सुटलेली, डोळ्यांच्या जागी काळसर छटा येऊ घातलेली, आणि मधूनच अख्खं अंग एक झटका देऊन गरकन फिरायचं. सासूबाईच ओरडल्या, "अगं, हललं बघ! ढेंगा मारतंय!" (ढेंगा कुठून असणार, पण जाऊ दे.) हृदयाचे ठोके साधारण याच सुमारास सुरू होतात, माझ्या भिंगाला ते दिसले दुपारी, बाळ जरा मोठं झाल्यावर. आधी एक सरळ नळी, जागच्या जागी आवळणारी. संध्याकाळी त्या नळीतून काहीतरी पुढे ढकललं जाताना दिसू लागलं. रक्तपेशी! रांगेने, पाठीच्या कण्याखालून शेपटीकडे, आणि तिथून वळून परत. त्वचेआड काही नाही, हाडाआड काही नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर डॉक्टर बोट ठेवून "हे बघा ठोके" म्हणतात तेव्हा आपण मान डोलावतो. आपल्याला दिसत काहीच नसतं. इथे कुणी बोट ठेवायला लागत नाही.

मध्ये थोडी साफसफाई करावी लागते. ज्या अंड्यांत बीज पोहोचलं नाही ती पांढरी पडतात आणि त्यांच्यावर बुरशीचा कापूस धरतो. ती ड्रॉपरने लगेच काढायची, नाहीतर शेजारची चांगलीही जातात. मिथिलिन ब्लूचे दोन-चार थेंब टाकले की बुरशीला आळा बसतो. पाणी फिकट निळं होतं, बोटंही.

दोन-तीन दिवसांत पिल्लं फुटतात. फुटतात आणि... काहीच करत नाहीत. बारीक काचेच्या काड्या, पुढे दोन डोळे, पोटाशी बलकाची शिदोरी. काचेला नाहीतर तळाला चिकटून लोंबकळत राहतात. खायला घालायचा मोह आवरायचा, त्यांचा डबा त्यांच्यापाशी आहे. मग चौथ्या-पाचव्या दिवशी ती एकेक करून पृष्ठभागाकडे झेपावतात, हवेचा एक घोट घेतात, तो आतल्या पिशवीत भरतात, आणि त्या क्षणापासून पाण्यात मधोमध तरंगू शकतात. कालपर्यंत तळाशी पडलेली मंडळी आज आडवी, सरळ, ऐटीत! ही वेळ आली की पहिलं जेवण.

आणि इथे सगळ्यांची परीक्षा. कारण या पिल्लाचं तोंड इतकं लहान की बाजारचं खाणं कितीही कुटलं तरी मोठंच. त्यांना लागतात इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, पॅरामेशियम आणि मंडळी. ते घरी करायचे असतात. जुन्या टाकीचं पाणी बरणीत, त्यात कोबीचं पान किंवा केळ्याच्या सालीचा तुकडा, आणि बरणी उजेडात. आधी पाणी गढूळ होतं आणि असा वास सुटतो की आमच्या मजल्यावर गॅस गळतीची चर्चा सुरू झाली होती. पण धीर धरला तर काही दिवसांनी तेच पाणी निवळतं, आणि उजेडासमोर धरलं की त्यात धुळीसारखे पांढरे कण दिसतात, स्वतःहून हिंडणारे. हे तयार झालेलं हवं पिल्लं तरंगायच्या वेळी, म्हणून बरणी अंड्यांच्याही आधी घालायची. दिवसातून तीन-चारदा ड्रॉपरने थोडं थोडं. उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून पिळूनही देतात, पण त्याने पाणी फार पटकन नासतं. मला तो उपाय आवडत नाही.

मग आठवडा-दहा दिवसांची झाली की आर्टेमिया. हे प्रकरण तर स्वतंत्र लेखाचं आहे! खाऱ्या सरोवरांतल्या कोळंबीच्या एका चिमुकल्या भावकीची वाळलेली अंडी डबीत मिळतात, कॉफीच्या पुडीसारखी. वर्षानुवर्षं नुसती पडून राहिली तरी त्यातला जीव टिकतो. कोल्ड्रिंकची बाटली उलटी टांगायची, लिटरभर पाण्यात २५-३० ग्रॅम खडेमीठ, चिमूटभर ती अंडी, आणि एअर पंपाची नळी. उबेत एका दिवसात बाटलीत केशरी ढग! पंप बंद करून टॉर्च लावला की ते जिवंत ठिपके उजेडाकडे धावतात, गाळून गोड्या पाण्यातून काढायचे आणि पिल्लांना द्यायचे. पिल्लं तुटून पडतात. आणि पिल्लांचं अंग अजून पारदर्शक असल्यामुळे पाच मिनिटांत प्रत्येकाच्या पोटात केशरी गोळा दिसायला लागतो. कोण जेवलं, कोण उपाशी राहिलं, एका नजरेत हिशेब. माझ्या मुलीच्या डब्याच्या बाबतीत अशी सोय असती तर!

महिन्याभरात पट्टे येतात. आधी पुसट, मग ठळक, आणि मग एक दिवस टाकीत सगळे छोटे छोटे सही सही झेब्रे. तीनेक महिन्यांत ते स्वतः अंडी घालायच्या वयाचे होतात, म्हणजे संसार आवरायला हवा. शेजारची मुलं बरण्या घेऊन येतात, दुकानदाराने काही घेतले आणि बदल्यात ब्लडवर्मच्या वड्या दिल्या. एक मात्र करत नाही: जास्त झाले म्हणून मुठेत किंवा कुठल्या तळ्यात सोडणं. टाकीतला मासा, टाकीतले रोग, ते टाकीतच बरे.

आणि आता माझ्या डोक्यात वेगळंच चाललंय. हॅमिल्टनच्या त्याच १८२२च्या पुस्तकात रोझी बार्ब आहे, ज्याचा नर विणीच्या वेळी गुलाबी-तांबडा होतो आणि ज्याची अंडी शेवाळाला चिकटतात, म्हणजे गोट्या बाद, जावा मॉसचे झुबके हवेत. त्याच पुस्तकात हनी गुरामी आहे. त्याचा नर विणीच्या काळात मधासारखा पिवळा होतो, गळ्यापासून पोटापर्यंत काळानिळा, पाण्याच्या पृष्ठभागावर लाळेच्या बुडबुड्यांचं घरटं बांधतो, आणि अंडी त्यात ठेवून स्वतः पहारा देतो. म्हणजे इथे अंडी वाचवायची ती बापापासून नाही, बापच वाचवणार! दुकानात ते सगळे एकसारखे मातकट दिसतात, नर कुठला मादी कुठली काही कळत नाही. दुकानदार म्हणाला, "ताई, सहा घ्या, त्यात एक तरी जोडी निघेलच." सासूबाईंनी माहिती ऐकून घेतली, आणि बाप अंडी सांभाळतो म्हणजे मासा चांगल्या घरचा असणार, असं म्हणून त्यासाठी आपली भाजीची टोपली स्वतःहून काढून दिली. गुरामीला टोपली लागत नाही, पण मी ती ठेवून घेतली आहे. रविवारी सहा आणते.